गजभिये सरांचं ‘नॉट मोर दॅन’

गजभिये सर गेल्याची बातमी मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळली. ज्या शाळेतून मला काढून टाकलं होतं, त्या शाळेच्या शिक्षकांच्या गटातून माझं नाव काढायचं मात्र राहून गेलं होतं, म्हणून कळली. मी लालबर्‍याला माझ्या शिकवणीच्या खोलीत होते. समोर दहावीची मुलं वर्गसमीकरणं सोडवत होती आणि फोनच्या पडद्यावर एकाखाली एक जोडलेले हात येत होते. सगळ्यांत वर संस्थेच्या सचिवांचा संदेश होता, हिंदीत. ‘अंग्रेजी के प्रकांड विद्वान, हमारी संस्था के नियमों के शिल्पकार, आदरणीय गजभिये सर नहीं रहे.’ मी तो पुन्हा वाचला. नियमों के शिल्पकार... माणूस अजून घरातून बाहेरही निघाला नव्हता, आणि जे शब्द स्वतःच्या नावावरून पुसून टाकण्यासाठी तो अखेरची वर्षं झिजला, तेच शब्द पुन्हा त्याच्या माथी मारले गेले होते. मुलांना मी घरी पाठवलं आणि बालाघाटची बस धरली. रडू येत नव्हतं, राग येत होता. याला आता दीड-दोन महिने होऊन गेले. राग थोडा बसला असेल म्हणून लिहायला घेतलं, तर तो तसाच आहे.

घाटावर त्रिशरण-पंचशील झालं. वैनगंगेला पाणी कमी होतं, वाळूत पाय रुतत होते. सचिव पांढऱ्या कपड्यांत आले होते. त्यांना आम्ही सगळे भैयाजी म्हणायचो. त्यांच्या राईस मिल आहेत, आणि कागदावर संस्था असली तरी शाळाही त्यांचीच म्हणायची. त्यांनी शाळेच्या नावाचं पुष्पचक्र वाहिलं, हात जोडून थोडा वेळ डोळे मिटले, आणि परत जाताना मला पाहून मान लववली. अगदी सभ्यपणे. सभ्यपणात ते कधीच कमी पडले नाहीत.

सर मूळचे किरनापूरकडच्या एका खेड्यातले. आजोबा भंडाऱ्याकडून इकडे आलेले, वडील मँगनीजच्या खाणीत. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि खाणीतले सगळे कागद इंग्रजीत. ‘आपल्या घरात कोणाले तं हे वाचता आलं पाहिजे’ असं वडील म्हणायचे, आणि त्या एका वाक्यापायी आपण इंग्रजीकडे वळलो असं सर सांगायचे. उंच, किंचित वाकलेले, पांढरा सदरा नेहमी बाहेर सोडलेला. मी लग्न होऊन भंडाऱ्याहून मध्य प्रदेशात, बालाघाटला आले आणि त्या शाळेत गणित शिकवायला लागले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळा कारभार हिंदीतून चाले. मीही दबकत दबकत हिंदी बोलत होते. पहिल्याच आठवड्यात सर माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले आणि म्हणाले, “ताई, तुमी भंडाऱ्याच्या ना? मंग माह्यासंगं हिंदी काहून बोलून राह्यल्या?” त्या दिवसापासून त्या खोलीत आमच्या दोन खुर्च्यांपुरती मराठी बोलली जायला लागली. त्यांच्या घरी मी जायला लागले, त्यांच्या पत्नीच्या, प्रमिलावैनींच्या हातचं खायला लागले, माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणायला लागली. परगावात माहेर मिळावं, तसं काहीसं ते झालं होतं.

त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता. मध्ये प्लायवूडची भिंत, त्यामुळे त्यांचं सगळं शिकवणं मला ऐकू यायचं. व्याकरणातल्या मोठमोठ्या गोष्टी ते झटपट उरकत, आणि ज्या शब्दांवर कुणी थांबत नाही त्यांवर थांबत. अ‍ॅट लीस्ट, अ‍ॅट मोस्ट, नॉट मोर दॅन, नॉट लेस दॅन, अंडर, ओव्हर. हिंदीतच समजावून सांगत. “माँ बोलती है, कम से कम दो रोटी खा के जा. माँ की लाइन नीचे है, उसके ऊपर जितना खाओगे, माँ खुश. ये हुआ अ‍ॅट लीस्ट. डॉक्टर बोलता है, दो से ज्यादा मत खाना. डॉक्टर की लाइन ऊपर है. ये हुआ अ‍ॅट मोस्ट. रोटी तो दोनों में दो ही है! अब बताओ, लाइन किसकी है, माँ की या डॉक्टर की?” मग वर्ग ओरडायचा. कधी ‘माँ की’, कधी ‘डॉक्टर की’. मग ते पुढचं काढायचे. ‘अंडर एटीन’ लिहिलेल्या दारावर बरोबर अठरा वर्षांचा मुलगा उभा आहे, तो आत जाणार की बाहेर राहणार? मुलं गोंधळायची. सर खूश व्हायचे. मला नंतर म्हणायचे, “रेघेच्या अल्याड अन् पल्याड कोनी बी राहू शकते ताई. मरते थो रेघेवरचा मानूस. त्याले आत घ्याचं का नाही, हे एका बारक्या शब्दाच्या हाती असते.” मी हसायचे. गणितात या गोष्टीला आम्ही एक चिन्ह वापरतो आणि पुढे जातो. त्यांना मात्र हा शब्दांचा खेळ जीवन-मरणाचा वाटायचा, आणि मला ती त्यांची एक गोड विक्षिप्त लकब वाटायची.

माझ्या नोकरीचं पहिलंच वर्ष होतं तेव्हा संस्थेला शिक्षकांसाठी सेवानियम नव्यानं करायचे होते. तपासणीसाठी कुणी येणार होतं, इंग्रजीत नियम हवे होते. भैयाजींनी ते काम साहजिकच सरांना दिलं. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी सर त्यात गुंतले होते. इतके आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. वाक्यांची परीक्षा घ्यायची एक पद्धत त्यांनी काढली होती. एक एक वाक्य माझ्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, “ताई, हे गणिताच्या चिन्हात मांडा.” मी लहान किंवा समान, मोठं किंवा समान, जे वाचलं ते मांडायची. मग तेच वाक्य दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला द्यायचे. दोघांची चिन्हं जुळली तर वाक्य पास. नाही जुळली तर ते खोडून नवं. ‘बिटवीन’ त्यांनी सगळीकडून हाकलून लावला, कारण एकानं दोन्ही टोकं धरली होती आणि दुसऱ्यानं सोडली होती. परीक्षाधीन काळाच्या, म्हणजे आम्ही ज्याला प्रोबेशन म्हणतो त्याच्या, वाक्यापाशी ते बरेच दिवस अडले होते. ‘शाल नॉट एक्सीड टू इयर्स’ लिहावं, की ‘शाल बी नॉट मोर दॅन टू इयर्स’? मी म्हटलं, सर, दोन्हींचं चिन्ह एकच आहे, काहीही लिहा. ते म्हणाले, “चिन्ह एक हाये, पन वाचनारे एक नाहीत. एक्सीड आपल्या इकडच्या नव्या पोरीले सक्सीडसारखा वाटन. नॉट मोर दॅन कोनालेबी समजते.” आणि त्यांनी सोपं तेच लिहिलं. दोन वर्षांहून जास्त नाही. मी परीक्षाधीन होते, ते वाक्य माझ्याच बाबतीत होतं, आणि माझ्याच हातानं त्याच्यापुढे मी चिन्ह काढलं होतं.

ते नियम छापून आले, तपासणी झाली, आणि प्रती कार्यालयाच्या कपाटात गेल्या. शिक्षकांना प्रत देण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. मागितल्यावर बाबू म्हणायचे, मिल जाएगी, मॅडम. दोन वर्षं झाली तेव्हा मी कायम होण्याची वाट पाहिली. हातात पडलं ते मुदतवाढीचं पत्र. पुढच्या वर्षी पुन्हा पडलं, आणि मग दर वर्षी, एखाद्या सणासारखं. माझ्यामागून आलेल्या मुलींनाही तसंच. सरांना मी विचारायची, तर ते चष्मा पुसायला लागायचे. “होईन ताई... भैयाजीसंगं बोलतो मी.” आणि विषय बदलायचे. बोलघेवडा माणूस, पण या एका गोष्टीपाशी गप्प का होतो, हे मला तेव्हा उमजलं नाही. वयानं मवाळ झाले असतील असं मी धरून चालले.

शेवटी मी लेखी अर्ज केला. आम्ही परीक्षाधीन शिक्षिकांनी मिळून नव्हे, मी एकटीनं, कारण बाकीच्यांनी सही करायचं टाळलं, आणि त्यांना मी दोष देत नाही. मला कायम करा, एवढंच त्यात होतं. आठवड्याभरात उत्तर आलं. संस्थेला आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही. परीक्षाधीन माणसाला कारण सांगावं लागत नाही. माझी मुलगी त्याच शाळेत नववीत होती. मला घरी बसवल्यावर तिच्याशी वर्गात कोण कसं वागलं हे तिनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. त्या दिवशी तिनं फक्त दप्तर आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, “मी उद्यापासून नाही जाणार.” ती शाळा तिनं सोडली ती सोडलीच. कार्यालयात मी नियम दाखवा म्हणून अडून बसले तेव्हा बाबूंनी नाइलाजानं कपाट उघडलं. छापील पानावर वाक्य होतं... ‘शाल बी नॉट लेस दॅन टू इयर्स’. दोन वर्षांहून कमी नाही. आणि पहिल्या पानावर, नियम तयार करणारे म्हणून, य. गजभिये, वरिष्ठ शिक्षक, इंग्रजी.

मी तिथून थेट त्यांच्या घरी गेले. सकाळची शाळा सुटली होती, भर दुपार होती, सर ओसरीत पंख्याखाली वर्तमानपत्र वाचत होते. बसायलाही न थांबता मी म्हटलं, “सर, मोरचं लेस कोणी केलं?” त्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. वैनी पाणी घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं, ते म्हणतील माहीत नाही. माहीत नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता.

“मले माहीत हाये,” सर म्हणाले. “पहिल्या दिवसापासून माहीत हाये.”

मग त्यांनी सांगितलं. मसुदा घेऊन ते भैयाजींकडे गेले होते. भैयाजींनी सगळं वाचलं, स्तुती केली, आणि त्या एका वाक्यावर पेन टेकवून म्हणाले, मोर काटकर लेस कर दीजिए. सरांना वाटलं, यांची काहीतरी गफलत होते आहे. त्यांनी वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. एक रेघ वरून येते, दुसरी खालून. एकीत शिक्षक दोन वर्षांत मोकळा होतो, दुसरीत तो कधीच मोकळा होत नाही. भैयाजी शांतपणे ऐकत होते. म्हणाले, “दो साल तो दोनों में है, सर. आपका दो हमने कहाँ हटाया?” सर पुन्हा समजवायला लागले तेव्हा ते हसले. “समझता हूँ. समझता हूँ, इसीलिए तो बदलवा रहा हूँ.” आणि मग चहा मागवून, जाता जाता विचारावं तसं विचारलं, “बिटिया भी तो अपने ही यहाँ लगी है न, प्राइमरी में?”

सरांची मुलगी त्याच वर्षी शाळेच्या प्राथमिक विभागात लागली होती. तीही परीक्षाधीन.

“मी टाईप कराले नाही म्हनलं,” सर म्हणाले. “त्याईनं दुसऱ्याकडून करून घेतलं. नाव माहंच ठेवलं. अन् मी... घरी आलो.” वैनी पाण्याचा तांब्या खाली ठेवून आत गेल्या. मग सर म्हणाले, “एक्सीड लिहिलं असतं ना ताई, तं पुरं वाक्य मोडा लागलं असतं. मी सोपं लिहिलं, म्हनून एका शब्दात काम झालं.” मला त्या क्षणी त्यांच्या शब्दांच्या चिकित्सेचा मनस्वी तिटकारा आला. माझी नोकरी गेली होती, आणि हा माणूस अजून एक्सीड आणि मोर दॅनमध्ये होता. मी म्हटलं, “सर, तुमच्या मुलीसाठी गप्प राहिलात ते मी समजू शकते. पण मला तर सांगायचं. मी दुसरीकडे पाहिलं असतं. तेव्हा माझं वय होतं.”

मी कोर्टात गेले. सर स्वतःहून म्हणाले, मी साक्ष देतो. मूळ मसुद्यात काय होतं, कुणी काय बदलायला लावलं, सगळं सांगतो. नोकरीचं त्यांचं शेवटचं वर्ष होतं. ही गोष्ट शाळेत कळताच वरचे वर्ग त्यांच्याकडून काढून घेतले आणि त्यांना वाचनालयात बसवलं. तिथे ना पुस्तकं होती, ना मुलं. त्यांच्या लेकीला पुढचं मुदतवाढीचं पत्र आलंच नाही. ती गुपचूप घरी बसली, आणि पुढे लग्न होऊन छिंदवाड्याकडे गेली. एवढं सोसून माणूस उभा राहतो आहे, म्हणून माझा राग निवळला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. साक्षीच्या दिवशी मी वैनींसाठी आणि सरांसाठी घरून डबा करून नेला होता.

संस्थेचा वकील होता आशुतोष. सरांचाच विद्यार्थी, माझ्याही वर्गात होता, हुशार. तो उठला, आधी सरांना वाकून नमस्कार केला. मसुद्याच्या गोष्टीत तो शिरलाच नाही. मसुदा मसुदा असतो, म्हणाला, समितीनं मंजूर केलं ते हे. मग त्यानं छापील नियम सरांच्या हातात दिला आणि ते वाक्य मोठ्यानं वाचायला सांगितलं. सरांनी वाचलं. वर्गात वाचायचे तसंच, स्वच्छ.

“सर, आपने हमें दसवीं में पढ़ाया था,” आशुतोष म्हणाला. “नॉट लेस दॅन टू इयर्स. ये माँ की लाइन है या डॉक्टर की?”

मी सरांकडे पाहत होते. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. आमच्या वकिलानं त्यांना आदल्या दिवशी नीट सांगून ठेवलं होतं. म्हणा, की अशा नियमांत दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं असा अर्थ सगळीकडे घेतला जातो. म्हणा, की संदर्भानं अर्थ बदलतो. म्हणा, की वाक्य संदिग्ध आहे. एवढंच म्हणायचं होतं. संदिग्ध.

“माँ की,” सर म्हणाले.

“ऊपर कोई सीमा है?”

“नहीं.”

“वाक्य में कोई भ्रम?”

“कोई भ्रम नहीं है.”

आशुतोष ‘धन्यवाद, सर’ म्हणाला आणि बसला. निकाल माझ्याविरुद्ध गेला. त्यात लिहिलं होतं, की नियमाची भाषा स्पष्ट आहे आणि खुद्द ज्यांच्या नावावर ते नियम आहेत त्या भाषातज्ज्ञांनी ती स्पष्ट असल्याचं मान्य केलं आहे. साक्षीनंतर कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाखाली, मी सरांना विचारलं होतं, “संदिग्ध आहे म्हणायला तुमचं काय जात होतं?” ते म्हणाले, “ताई, थे संदिग्ध नाही ना... मी आयुष्यभर पोराईले एकच गोष्ट शिकवली. तिथं उभा राहून उलटी कशी सांगू?” मी म्हटलं, “भैयाजींपुढे गप्प बसता आलं. इथे गप्प बसला असतात तरी चाललं असतं.” डबा उघडलाच नव्हता, तो तसाच पिशवीत घेऊन मी निघाले. त्यानंतर पुष्कळ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. याचा मला पश्चात्ताप आहे असं लिहिलं तर ते वाचायला बरं वाटेल. पण तसं नाही. त्या माणसानं जिथे बोलायला हवं तिथे तोंड बंद ठेवलं आणि जिथे तोंड बंद ठेवायला हवं तिथे खरं बोलला, आणि दोन्ही वेळा किंमत मी दिली. हे माझं मत ते असतानाही होतं, आजही आहे. तरीही त्यांच्याएवढा सरळ माणूस मी त्या गावात दुसरा पाहिला नाही, हेही तितकंच खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकींशी मला अजून जुळवता आलेल्या नाहीत.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही लालबर्‍याला आलो, मी शिकवणी सुरू केली. एक दिवस दुपारी सर दारात उभे. बालाघाटहून सिवनीला जाणाऱ्या बसनं आले होते. हातात चिन्नोर तांदळाची पिशवी, घामेजलेले, बरेच खंगलेले. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात जायला लागली होती, तिला पाहून त्यांचे डोळे भरून आले. मी चहा केला. बराच वेळ बसची, उन्हाची, वैनींच्या गुडघ्यांची चर्चा झाली. मग ते म्हणाले, “मले वाटे ताई, का लोकाईले समजत नाही म्हनून चुका होतेत. म्हनून जल्मभर समजावत राह्यलो. अन् भैयाजीले तं माह्याहून चांगलं समजत होतं...” कपातला चहा त्यांनी संपवला. “आता रिटायर झाल्यावर घरची समोरची खोली उघडली. कोनालेबी कागद मिळाला इंग्रजीतला, नोकरीचा, भाड्याचा, कशाचाबी, तं सही कराच्या आधी मी वाचून देतो. यात खालची हद कोनती, वरची कोनती, अन् कोनती लिहिलीच नाही, हे सांगतो. बस.” मी जरा कडवटपणेच विचारलं, “त्यानं काय होणार, सर?” ते म्हणाले, “माहीत नाही. माह्यानं एवढंच होते.” जाताना त्यांनी मला नमस्कार केला. वयानं मोठा माणूस, मी मागे सरले. ती आमची शेवटची भेट. पुढे हृदयाचं दुखणं वाढलं, नागपूरला नेऊन आणलं, आणि एका सकाळी अंघोळ करून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

घाटावर आशुतोष मला भेटला होता. ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे आला. त्याचं रडणं खोटं नव्हतं. म्हणाला, “मॅडम, उस दिन शाम को सर ने मुझे फोन किया था. बोले, बेटा, तेरा सवाल बिल्कुल सही था.” हे मला सांगून त्याला काय मिळालं कोण जाणे. बहुधा त्याला वाटलं असेल, मला सरांचा मोठेपणा कळेल. मी फक्त त्या फोनचं चित्र डोळ्यांपुढे आणत राहिले... इकडे मी घरी भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि तिकडे गुरू आपल्या विद्यार्थ्याला शाबासकी देतो आहे.

गेल्या आठवड्यात वैनींना भेटायला गेले. ती समोरची खोली मी पहिल्यांदाच पाहिली. टेबल, दोन खुर्च्या, बाहेरच्यांसाठी एक बाक. टेबलावर सरांचं भिंग, आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. वैनी म्हणाल्या, “लोक अजून येतेत. मी सांगतो सर गेले म्हनून. मंग बाकावर जरा वेळ बसतेत अन् जातेत.” आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक मुलगी आलीच. परसवाड्याकडची होती, नर्सिंग करून नुकतीच बाहेर पडलेली, कुठल्याशा खासगी दवाखान्यात नोकरी लागलेली. कागद हातात. सर नाहीत हे ऐकून तिचा चेहरा उतरला. वैनींनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांच्या खुर्चीवर न बसता दुसरी ओढून घेतली आणि कागद वाचला. पहिली पानं ठीक होती. शेवटच्या पानावर नोकरी सोडण्याचं कलम होतं. कर्मचाऱ्यानं सोडायची असेल तर ‘अ‍ॅट लीस्ट थ्री मंथ्स’ आधी कळवायचं. दवाखान्यानं काढायचं असेल तर ‘अप टू वन मंथ्स नोटीस’.

मी तिला समजावून सांगितलं. तुला तीन महिन्यांच्या आधी सुटता येणार नाही. ते मात्र तुला एक महिन्यापर्यंतची सूचना देतील. ‘पर्यंत’ म्हणजे वर एक महिना, खाली काहीच नाही. पंधरा दिवस देतील, एक दिवस देतील, सकाळी सांगून दुपारी काढतील, तरी नियम मोडला असं होणार नाही. तिथे ‘नॉट लेस दॅन’ लिहून माग. ती लक्ष देऊन ऐकत होती. डोळ्यांत हुशारी होती. तिनं बोटानं ओळ पुन्हा वाचली.

“बराबर हाये मॅडम,” ती म्हणाली. “म्हंजे मले बांधून ठेवलं, अन् त्याईले मोकळं.”

“हौ. म्हणून बदलून माग.”

“मांगतलं तं दुसरीले देतीन.” तिनं इकडेतिकडे पाहिलं. “इथंच करू का सही? आजच द्याचा हाये.”

टेबलावर पेन होतं. तिनं कागद भिंगाशेजारी ठेवला, उभ्या उभ्याच वाकून सही केली, घडी नीट घातली, वैनींच्या पाया पडली आणि गेली. फाटक लावल्याचा आवाज आला. वैनी चहाचे कप घेऊन आल्या.

“समजलं का तिले?”

“चांगलं समजलं.”

“अन् सही?”

“केली.”

वैनींनी कप टेबलावर ठेवले आणि पदरानं सरांच्या खुर्चीचा हात पुसला. “ह्या खोलीत येऊन समजत सगळ्याइलेच होतं,” त्या म्हणाल्या. “सही बी सगळेच करत. तुमचे सर मंग संध्याकाळपर्यंत बोलत नसत.”